चावीच्या दगडाची साक्ष: व्हेर्गिनाच्या दोन नंबर थडग्याचं प्रकरण

८ नोव्हेंबर १९७७. उत्तर ग्रीसमधलं व्हेर्गिना गाव, तिथे ११० मीटर व्यासाचा आणि १२ मीटर उंचीचा मातीचा भलामोठा ढीग, आणि त्या ढिगाच्या पोटात सापडलेल्या एका दगडी थडग्याच्या छतावर उभे असलेले पुरातत्त्वाचे प्राध्यापक मानोलिस आंद्रोनिकोस. थडग्याला समोरून चांगलं दुपाखी संगमरवरी दार आहे, बंद, कुणी फोडलेलं नाही. पण आत जायचं ठरलं ते दारातून नाही, छतातून. मागच्या भिंतीपाशी कमानी छताच्या अगदी माथ्यावर जो दगड असतो, आपण ज्याला चावीचा दगड म्हणतो, तो काढायचा आणि त्या भोकातून शिडी सोडून उतरायचं. ही युक्ती काही त्यांची स्वतःची नव्हती बरं का, जुन्या काळी थडगी लुटणारे चोर नेमकं हेच करायचे, या भागातली किती तरी थडगी अशीच वरून फोडलेली सापडलीत. म्हणजे प्राध्यापकांनी चोरांची मेथड उचलली, फक्त दगड नीट बाजूला ठेवला.

खाली काय सापडलं ते बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं असतं. संगमरवरी पेटी, तिच्यात सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा तारा, आत जळालेली हाडं. बाहेरच्या खोलीत आणखी एक सोन्याची पेटी, तिच्यात एका तरुण बाईची हाडं. आंद्रोनिकोस म्हणाले हा फिलिप दुसरा, अलेक्झांडरचा बाप. झालं, जगभर बातमी.

पण मला त्या सोन्यात फार इंटरेस्ट नाही, मला इंटरेस्ट आहे त्या काढलेल्या दगडात. कारण पुढच्या दहा वर्षांत 'हे थडगं नक्की कुणाचं' या भांडणात एक मोठा मुद्दा हाच होता की ग्रीसमध्ये असा दगड बसवायला लोक शिकले कधी. सिव्हिलवाल्यांचा प्रश्न इतिहासवाल्यांच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला असं फार कमी वेळा होतं, म्हणून हे प्रकरण जरा सविस्तर.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ग्रीक लोक म्हटलं की डोळ्यांसमोर खांब आणि त्यावर आडवी तुळई येते, आणि मग कुणीतरी म्हणतं की ग्रीकांना कमान येतच नव्हती, ती रोमनांनी आणली. दुसरा कुणीतरी लगेच मायसिनी या फार जुन्या ग्रीक शहरातल्या 'अ‍ॅट्रिअसच्या खजिन्याचा' फोटो टाकतो, साडेचौदा मीटर व्यासाचा दगडी घुमट, ख्रिस्तपूर्व तेराव्या-चौदाव्या शतकातला, आणि म्हणतो हे काय मग? तर दोघंही अर्धेच बरोबर. मायसिनीचा घुमट खरी कमान नाही, तिथे दगडाचे थर आडवेच आहेत, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला, आणि शेवटी वर मिटवलेला. व्हेर्गिनाला गोष्ट वेगळी आहे. इथे दगड पाचरीसारखे घडवलेत, सांधे त्रिज्येच्या रेषेत, एकमेकांना रेटून उभे, आणि माथ्यावर चावी. ही खरी कमान, आणि ती लांब खेचून केलेलं नळीसारखं अर्धगोल छत. मॅसिडोनियात, म्हणजे फिलिपच्या राज्यात, अशी ७० हून जास्त थडगी सापडलीत.

आता ही उठाठेव करायचीच कशाला, सरळ लाद्या टाकून छत का नाही केलं? केलं होतं ना. त्याच ढिगात शेजारी एक नंबरचं थडगं आहे, ज्यात पर्सिफोनी या ग्रीक देवीला पळवून नेण्याचं ते प्रसिद्ध भित्तिचित्र आहे. ती नुसती दगडी पेटी, साधारण साडेतीन मीटर बाय दोन मीटर दहा सेंटिमीटर, वरून लाद्या. दोन नंबरची, म्हणजे आंद्रोनिकोस छतातून उतरले त्या थडग्याची, आतली खोली मात्र ४.४६ मीटर बाय ४.४६, पुढची खोली तेवढीच रुंद आणि ३.३६ मीटर खोल, उंची ५.३० मीटर. म्हणजे गाळा, दोन भिंतींमधलं अंतर, दुपटीहून जास्त वाढला. आणि तुळईच्या हिशोबात गाळा दुप्पट झाला की ताण चौपट होतो, हे सेकंड इयरच्या पोरालाही पाठ असतं.

मी एकदा कागदावर ढोबळ आकडेमोड केली, ती इथे टाकतो. गृहीतकं माझी आहेत, मोजमापं नव्हेत, हे लक्षात ठेवा. समजा छतावर ५ मीटर माती आहे, मातीचं वजन घनमीटरला १.८ टन, म्हणजे चौरस मीटरला ९ टन. लादी धरा अर्धा मीटर जाड, म्हणजे चांगली दणदणीत. एक नंबरच्या २.१ मीटर गाळ्यावर लादीच्या खालच्या बाजूला ओढीचा ताण येतो साधारण १२ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. तीच लादी ४.४६ मीटरवर टाकली की हा आकडा जातो ५३ च्या पुढे. तिथला दगड म्हणजे पोरोस, नरम चुनखडीचा दगड, घडवायला सोपा पण ओढीत अगदी कच्चा, याच्या निम्म्यावर यायच्या आधीच तो तडकणार. आता तीच माती अर्धगोल कमानीवर टाका, दगडाची जाडी ४० सेंटिमीटर धरा. माथ्यापाशी आडवा रेटा येतो मीटर लांबीला सुमारे १० टन, म्हणजे दगडावर दाब फक्त अडीच किलो प्रति चौरस सेंटिमीटर, आणि पायथ्याशी, जिथे कमान भिंतीवर बसते तिथे, पाच. आणि हा सगळा दाब, ओढ नाहीच. नरम दगडसुद्धा हे आरामात घेतो. कमान म्हणजे दगडाला जे जमत नाही ते त्याला करायलाच न लावणं, बस.

पण इथे एक गोम आहे जी मला कॉलेजात कुणी नीट सांगितली नव्हती. वरून सगळीकडे सारखं ओझं असेल तर कमानीला आवडणारा आकार पॅराबोला (हवेत फेकलेल्या चेंडूच्या वाटेसारखा वक्र) असतो, अर्धगोल नाही. अर्धगोल कमानीचे खांदे, म्हणजे माथा आणि पायथा यांच्या मधला भाग, ते बाहेर फुगायला बघतात. ४.४६ च्या गाळ्यात त्या दोन आकारांमधला फरक खांद्यापाशी सरळ उभा मोजला तर ४५ सेंटिमीटरच्या आसपास निघतो, म्हणजे रेटारेषा, दाब ज्या वाटेने खाली जातो ती, ४० सेंटिमीटरच्या दगडाच्या मधून न जाता पार कडेला सरकते. उघड्यावर अशी कमान बांधून तिच्यावर नुसतं वरून ओझं ठेवलं तर ती खांद्यातून उघडू शकते. मग ही का उभी राहिली? कारण ती जमिनीत आहे. बाजूची माती खांद्यांना बाहेर जाऊ देत नाही, आणि पायथ्यापाशी भिंती बाहेर ढकलल्या जातात त्यालाही मातीच टेकू देते. म्हणजे जी माती ओझं म्हणून वर बसलीय तीच बाजूने आधार पण देतेय. पहिल्यांदा आकडे मांडले तेव्हा खांद्याचं गणित जुळेना, मी समजलो माझंच चुकतंय, दोनदा खोडलं, आणि मग ट्यूब पेटली की बाजूची माती मी धरलेलीच नाही.

याच्यातूनच आणखी एक गोष्ट कळते. ग्रीकांनी त्या काळात ही मोठी कमान देवळात वापरली नाही, ती आली थडग्यात. लोक म्हणतात त्यांना कमान दिसायला आवडायची नाही. असेल तसंही, कारण दोन नंबरच्या थडग्याचा दर्शनी भाग बघा, ग्रीक देवळांच्या डोरिक पद्धतीचे अर्धे खांब, वर साडेपाच मीटर लांबीचं शिकारीचं रंगीत चित्र, सगळं काटकोनात, मागे अर्धगोल छत आहे याचा पत्ताही लागत नाही. पण स्ट्रक्चरच्या बाजूने बघितलं तर जिथे फुकटात आधार मिळतो तिथेच नवीन प्रयोग करायचा, यात शहाणपणही होतं. आणि नळीसारख्या छताचा रेटा दोन बाजूंच्या भिंतींवर जातो, समोरच्या भिंतीकडे नाही. म्हणून समोरची भिंत निव्वळ पडदा, तिच्यावर हवं ते देऊळ रंगवा, दारावर छताचं वजन येत नाही. बांधणारा इंजिनिअर आणि सजवणारा कलाकार दोघांचं काम वेगळं, कुणी कुणाच्या मध्ये येत नाही. आमच्याकडे आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरलवाल्याची अशी सोयरीक झाली असती तर किती मीटिंगा वाचल्या असत्या.

चावी काढली तर छत का कोसळलं नाही, हा पण प्रश्न येतोच. सुटी एकच कमान असती तर कोसळली असती. पण नळीछतात एकाला लागून एक अशा कमानी असतात, एका ओळीतला एक दगड गेला तर रेटा शेजारच्या ओळींतून वाट काढतो. शिवाय मागच्या भिंतीजवळ दगडांना खालून भिंतीचा टेकू असतो. चोरांना थिअरी माहीत असेल असं नाही, पण कुठला दगड काढला की आपण चिरडत नाही हे त्यांना बरोब्बर कळलेलं होतं.

आता मूळ भांडण. फिलिप दुसरा मेला ख्रिस्तपूर्व ३३६ मध्ये, इथेच, एगाईच्या नाट्यगृहात, मुलीच्या लग्नाच्या सोहळ्यात पाउसानियास नावाच्या अंगरक्षकाने भोसकला. (व्हेर्गिना म्हणजेच मॅसिडोनियाची जुनी राजधानी एगाई हे निकोलस हॅमंड यांनी १९६८ मध्ये सुचवलं होतं, तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नव्हतं.) दुसरा दावेदार त्याचाच दुसरा मुलगा, फिलिप तिसरा आरिदायोस. अलेक्झांडरनंतर नावाला राजा झाला, ३१७ मध्ये सावत्र आई ऑलिंपियासने त्याला मारलं, त्याच्या तरुण बायकोला, अडेआला, जीव द्यायला लावला, आणि थोड्याच काळाने मॅसिडोनियाची सत्ता घेतलेल्या कसांद्रोसने दोघांना एगाईला राजेशाही इतमामात पुरलं. एक राजा, एक तरुण बाई, दोन्ही गोष्टींत बसतात. फरक जेमतेम वीस वर्षांचा.

१९८० मध्ये फिलिस लेहमन या अमेरिकन विदुषीने जे मांडलं ते थोडक्यात असं: ग्रीसमध्ये असं नळीछत आधी दिसतच नाही, ते पूर्वेकडचं तंत्र आहे, अलेक्झांडरचे इंजिनिअर बॅबिलोनियापर्यंत गेले, तिकडे बघून आले, मग इकडे बांधायला लागले. अलेक्झांडर बॅबिलोनला पोचला ३३१ मध्ये. म्हणजे ३३६ मध्ये मेलेल्या माणसावर असं छत असणं शक्य नाही, म्हणजे हा आरिदायोस. तिचे इतरही मुद्दे होते, पण हा सगळ्यात टोकदार, कारण हा खरा असेल तर बाकी काही बघायची गरजच नाही. आणि पेलोपोनीजमध्ये नेमिआच्या स्टेडियमचा जो दगडी बोगदा सापडला, तोही नळीछताचाच, साधारण ३२० च्या सुमाराचा, म्हणजे तोही अलेक्झांडरनंतरचा. बाईंचं म्हणणं तेव्हा अजिबात वेडगळ नव्हतं.

पण मला हा मुद्दा पहिल्यापासून खटकतो, आणि तो बांधकामाच्या बाजूने खटकतो. मेसोपोटेमियातली, म्हणजे बॅबिलोनच्या भागातली, नळीछतं प्रामुख्याने विटांची. तिथले गवंडी विटा तिरक्या, एकावर एक रेलून लावत जायचे, त्यामुळे खालून सेंटरिंग (छत पक्कं होईपर्यंतचा तात्पुरता आधार) नाही लागलं तरी चालायचं, लाकूड तिकडे महागच. मॅसिडोनियात उलटं, लाकूड भरपूर, दगड घडीव, प्रत्येक दगड पाचरीचा, खालून लाकडी सेंटरिंग लावल्याशिवाय चावी बसेपर्यंत काहीच उभं राहत नाही. बॅबिलोनची वीट बघून आलेला माणूस 'असं छत करता येतं' एवढी कल्पना घेऊन येईल, पण दगड कसा कापायचा ते त्याला तिथे कुणी शिकवणार नाही. ते हात घरचेच, देवळांचे दगड केसभर फट न ठेवता जुळवणारे. आणि नुसती कल्पनाच हवी असेल तर अलेक्झांडरची वाट कशाला बघायची, ४०१ मध्ये दहा हजार ग्रीक भाडोत्री सैनिक बॅबिलोनच्या दाराशी जाऊन लढून परत आले होते.

दुसरा पुरावा प्लेटोचा, आणि हा मला फार आवडतो. 'लॉज' हा त्याचा शेवटचा ग्रंथ, आणि प्लेटो गेला ३४७ च्या सुमाराला, म्हणजे फिलिपच्या खुनाच्या दहाएक वर्षं आधी. त्यात तो नगरातल्या मानाच्या अधिकाऱ्यांना कसं पुरावं हे सांगतो: जमिनीखाली लांबट आकाराचं दगडी थडगं, टिकाऊ दगडाचं, आत शेजारी शेजारी दगडी मंचक, वर मातीचा ढीग, भोवती झाडं, पण एका टोकाला झाडं लावायची नाहीत, म्हणजे पुढे थडगं वाढवायला जागा राहील. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता, कारण एका टोकाने वाढवता येणं हा नळीछताचाच गुण आहे. रेटा दोन्ही बाजूंना जातो, टोकाला काही नाही, टोकाची भिंत काढा, पुढे आणखी चार ओळी लावा. घुमटाला हे जमत नाही. अर्थात प्लेटोने वापरलेला शब्द 'प्सालिस', त्याचा अर्थ कात्रीही होतो, आणि तो शब्द इथे नक्की कमानीसाठीच आहे का यावर विद्वान भांडलेच. पण लांबट, जमिनीखाली, मातीच्या ढिगात, वाढवता येणारं, एवढं सगळं वर्णन एकत्र वाचल्यावर मला तरी दुसरं काही दिसत नाही.

रोमन तत्त्वज्ञ सेनेकाच्या एका पत्रात तर आणखी मजा. पोसिडोनिओस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या हवाल्याने तो सांगतो की तिरप्या दगडांना मधल्या दगडाने बांधून धरायचं हे डेमोक्रिटसने शोधलं, आणि मग स्वतःच म्हणतो की हे खोटं आहे, पूल आणि दारं त्याच्या आधीही असणारच. डेमोक्रिटस म्हणजे सगळं अणूंचंच बनलंय म्हणणारा तो ग्रीक तत्त्वज्ञ. तो होता अब्देराचा, ईजियनच्या उत्तर किनाऱ्यावरचा, मॅसिडोनियाच्या शेजारचाच. 'शोध लावला' ही अशी वाक्यं मी फारशी मनावर घेत नाही, सेनेकानेही घेतलं नाही, पण जुन्या लोकांच्या डोक्यात कमानीचा पत्ता बॅबिलोन नसून उत्तर ग्रीस होता, एवढं मात्र त्यातून दिसतं.

आणि मग १९८७ ला आंद्रोनिकोसनाच व्हेर्गिनाला आणखी एक थडगं सापडलं, फिलिपच्या आईचं, युरिडाइसचं मानलं जातं ते. त्यात जे मातीच्या भांड्याचे तुकडे मिळाले त्यावर अथेन्सच्या त्या वर्षीच्या अधिकाऱ्याचं नाव होतं, म्हणून साल पक्कं कळलं: ३४४-३४३. भांडं थडग्यापेक्षा जुनं असू शकतं हा आक्षेप घेता येतो आणि घेतला गेलाच. पण मला त्या तारखेपेक्षा त्या थडग्याची बांधणी जास्त बोलकी वाटते. तिथे नळीछत आहे, पण ते बाहेरून दगडी बांधकामाच्या चौकोनी पेटीत कोंडलेलं आहे. म्हणजे कमान बांधली, आणि मग तिच्यावर विश्वास बसेना म्हणून भोवती चांगला जाडजूड दगड रचला. दोन नंबरच्या थडग्यात ती पेटी गायब आहे, कमानीची पाठ बाहेरून उघडी, तिच्यावर फक्त जाड गिलावा आणि मग माती. साइटवर ज्याने पहिल्यांदा एखादी नवीन गोष्ट केलीय त्याला हे लगेच ओळखू येईल, पहिल्या वेळी आपण दुप्पट लोखंड टाकतो, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी हात सैल होतो. माझ्या मते ही दोन थडगी एका ओळीत लागतात, आधी घाबरत बांधलेलं, मग निर्धास्त.

म्हणून लेहमनबाईंचा हा एक मुद्दा माझ्या हिशोबात पडला. पण नीट ऐका, याने फिलिप दुसरा सिद्ध होत नाही. एवढंच होतं की ३३६ अशक्य नाही. ३१६ सुद्धा तेवढंच शक्य राहतं, कारण कमान एकदा यायला लागली की वीस वर्षांनी पण येणारच. बांधकामाचं तंत्र शंभर वर्षांचा फरक सांगू शकतं, वीस वर्षांचा नाही, आणि तिथे त्याच्यावर भार टाकला की ते मोडतं, लादीसारखंच.

याच इमारतीत मला जास्त कामाची वाटणारी खूण दुसरीच आहे. आंद्रोनिकोसांच्या लक्षात आलं की आतली खोली आणि पुढची खोली यांचं छत एका दमात झालेलं नाही, आधी आतलं, मग पुढचं. आणि आतल्या, म्हणजे मुख्य खोलीच्या भिंतींवर नुसता खरबरीत गिलावा, फिनिशिंग झालेलंच नाही, तर पुढच्या खोलीच्या भिंती नीट घोटून रंगवलेल्या. उलटं व्हायला हवं ना? राजा जिथे ठेवलाय ती खोली कच्ची आणि बाहेरची पक्की. छताच्या पाठीवर चितेतल्या जळक्या विटा, घोड्याचं सामान, तलवार, असं आणून टाकलेलं मिळालं. म्हणजे आतली खोली घाईत, अंत्यविधी खोळंबलाय अशा अवस्थेत उरकली, छत मिटवलं, आणि मग पुढचं काम निवांत. भर सोहळ्यात अचानक खून झालेला राजा आणि एकदम गादीवर आलेला वीस वर्षांचा मुलगा, याला हे जुळतं. कसांद्रोस मेलेल्या जोडप्याला नंतर ठरवून, थाटात पुरतोय, त्याला कसली घाई? पक्का पुरावा नाही हा, पण माझं मत इकडे झुकतं.

हाडांवर मी बोलत नाही, ते माझं क्षेत्र नाही आणि तिथली मारामारी अजून चालूच आहे. कुणी डोळ्याच्या खोबणीत बाणाची खूण दाखवतं (फिलिपचा उजवा डोळा मेथोनीच्या वेढ्यात गेला होता), कुणी म्हणतं ती खूणच नाही, आणि २०१५ ला तर एका गटाने सांगितलं की फिलिप दोन नंबरमध्ये नाहीच, तो शेजारच्या एक नंबरमध्ये, लाद्यांच्या छताखाली आहे. तसं असेल तर सगळ्या मॅसिडोनियाचा मालक जुन्या टाइपच्या पेटीत आणि त्याचा मुलगा नवीन कमानीखाली.

एक राहिलं. आज तिथे गेलात तर बाहेरून जुन्यासारखाच मातीचा ढीग दिसतो, पण तो नवा आहे. १९९३ मध्ये थडग्यांवर जमिनीखालचं संरक्षक बांधकाम केलं, त्यातच म्युझियम आहे, आणि वरची माती आता त्या नव्या छतावर बसलीय. जिन्याने खाली उतरून काचेआडून तुम्ही बघता ते खांब, दार आणि शिकारीचं चित्र, म्हणजे तो पडदाच. तेवीसशे वर्षं ओझं घेतलेली कमान त्याच्या मागे आहे, आणि तिचा चावीचा दगड तिथे उभं राहून दिसत नाही.